लाखनीची हवा मानवली नाही

मले दमा नाही. कधीच नव्हता. पण आमच्या करडी गावात कोणालेही विचारा, तुलारामची पोरगी रुखमा नवऱ्याले सोडून काहून आली, तर शेंबडं पोट्टंसुद्धा सांगंल, "तिले लाखनीची हवा मानवली नाही." ट्रकांचा धूर, रोडची धूळ अन् रुखमाची नाजूक छाती. दहा वर्षं मी हेच गाणं गायली. कोणी लाखनीचं नाव काढलं का माह्या घशात खवखव सुरू. एकदा त पंगतीत बुंदी वाढणारा लाखनीचा निघाला, अन् मी इतकी खोकलली का शेजारणीनं माही बुंदी उचलून आपल्या पत्रावळीवर घेतली. म्हणे, खोकल्यावर गोड चालत नाही.

अन् नवरा? नवरा देवमाणूस, असं मीच सांगत फिरे. "माणूस सोन्यासारखा वं, पण नशीब माहं. हवाच नाही मानवली."

एवढं खोटं कायले बोलली म्हणाल, त त्याले कारण माहं तोंड. हे तोंड लहानपणापासून माह्या आधी धावते.

सत्तर सालची गोष्ट. मी लाखनीले मावशीकडे राहून शिवणक्लास करत होती. रोडवरच धनीरामचं सायकलचं दुकान. तासाच्या भाड्यानं सायकली द्याचा. बारा सायकली, हरेकीच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगानं नंबर, अन् दाराच्या चौकटीले एक पाटी टांगलेली. कोणी सायकल नेली का त्या पाटीवर खडूनं लिहाचा: नंबर, नाव, नेल्याची वेळ. परत आली का ओल्या चिंधीनं पुसाचा. अक्षर असं का पाहत राहावं. मी त्या अक्षरावरच भाळली, खरं सांगते. अक्षरावरून माणसाचा स्वभाव ओळखता येते, असं आमच्या शिवणक्लासच्या बाईनं सांगतलं होतं. ती बाई पुढं बदलीवर गेली, नाही त तिले मी दोन गोष्टी सुनावल्या असत्या.

सायकल त्यानंच शिकवली मले. सात नंबरची, बिनदांडीची. कॅरिअर धरून मागं धावे अन् म्हणे, "सोडलं नाही, सोडलं नाही, पाय चालव." मी मागं पाहो त तो पन्नास पावलं दूर, कमरेवर हात ठेवून हसून राहिला. दिसाले गोरागोमटा, केसाले तेल, अन् बोलणं असं गोड का मुंग्या लागाव्या. अठरा वर्षांच्या पोरीले आणखी काय पाहिजे?

इकडं बाबांनं मोहाडीच्या एका मास्तरचं स्थळ पाहून ठेवलं होतं. मी करडीले आली अन् चार माणसांदेखत ओसरीवर उभी राहून सांगतलं, "करीन त धनीरामशीच. तुम्हाले बैलाची पारख आहे बाबा, माणसाची नाही."

बाबा तेव्हा चांद्याच्या पाठीवर हात फिरवून राहिले होते. चांद्या म्हणजे आमचा बैल. कपाळावर पांढरा चांद होता म्हणून चांद्या. त्याची माय तो आठ दिवसांचा असताना मेली, त बाबांनं त्याले चिंधी भिजवून भिजवून दूध पाजलं होतं. बाबा परसाकडे निघाले तरी तो मागं मागं जाचा. तर बाबांनं त्याच्या पाठीवरचा हात काढला नाही, आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "अन् उद्या रडत आली त?"

"रडत आली त माहं नाव बदला!"

झालं. अशी फुशारकी मारून गेलेली पोरगी रडत कशी येईल? म्हणून खोकलत आली.

लग्न झाल्यावर पहिलं वर्ष मजेत गेलं. पुढं दुकान, मागं घर. एक दिवस दुकान झाडताना पाटीकडं पाहिलं, त सायकलींच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'रुखमा, विहीर, सव्वासात.' मी हसली. मले वाटलं, काय जीव आहे बाप्पा माणसाचा! शेजारच्या आनंदाबाईले मी मिरवत सांगतलं, "दुकानात बारा सायकली अन् तेरावी मी." आनंदाबाई हसली नाही. मले वाटलं, जळते.

मंग 'रुखमा, मावशी, चार वाजता.' मंग 'रुखमा, बाजार, साडेदहा.' तो ओरडत नव्हता हो. ओरडला असता त मीही ओरडली असती, माह्यात काही कमी नव्हतं. तो ओली चिंधी हातात धरून शांत विचाराचा, "मावशीचं घर दहा मिनटं. जाणं-येणं वीस. बोलणं पंधरा. उरलेले पंचवीस मिनटं कोणाचे, रुखमा?" मी सांगो, वाटेत कासारीण भेटली, बांगड्या पाहिल्या. तो दुसऱ्या दिवशी जाऊन कासारणीले विचारून ये. उत्तर बरोबर आलं का मंगच पाटी पुसे.

हळूहळू मी पळाले लागली. बाया विहिरीवर दोन गोष्टी बोलत, मी घागर बुडवून पळे. अर्धं पाणी लुगड्यावर. बाया म्हणत, रुखमाच्या घरी रोज आग लागते का वं? सायकल बंद झाली, मावशी बंद झाली, हसणं तेवढं दारं लावून चालू होतं. अन् तो एखाद्या दिवशी खुशीत आला, केसात अबोलीचा गजरा माळला, का मी मागचं सगळं विसरून जाओ. प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. होतं ना! तेच त रडगाणं आहे. नसतं त दुसऱ्याच महिन्यात बस धरली असती.

त्र्याहत्तर साली पोळ्याच्या चार दिवस आधीची गोष्ट. धनीराम दुपारी पत्ते खेळाले गेला अन् दोन तास आलाच नाही. सैपाक थंडा. मले सुचली थट्टा. मी खडू घेतला अन् पाटीवर ठळक लिहिलं: 'धनीराम, पत्ते, बारा वाजता. अजून परत नाही.' सायकल न्याले आलेले दोघंजण वाचून खो खो हसले. तेवढ्यात तो आला. त्यानंही वाचलं, तोही हसला. त्या दोघाइले सायकली देल्ल्या, नंबर लिहिले, वेळ लिहिली. मंग आत आला अन् लाडानं विचारलं, "कोणत्या बोटानं लिहिलं गं?"

मी येडी. हसत हसत उजव्या हाताचं पहिलं बोट वर केलं.

त्यानं ते हातात घेतलं अन् उलटं मोडलं. चुलीत घालाले काडी मोडावी तसं.

मंग रडला. माह्या पायावर डोकं ठेवून रडला. धावत जाऊन जिलबी आणली अन् माहा हात चालत नव्हता म्हणून स्वतः भरवली. अन् मी खाल्ली. बोट मोडल्यापेक्षा मले याचीच लाज जास्त वाटते. जिलबी गरम होती अन् मले आवडली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यानंच मले करडीच्या बसमध्ये बसवून देल्लं. संध्याकाळभर मी हात पदरात लपवून वावरली. पण पदर किती दिवस पुरणार? सकाळी बाबांनं चांद्याले तलावावर नेऊन धुतलं, शिंगं रंगवली, बेगड लावली, गोठ्याच्या खांबाले बांधलं. मी आरतीचं ताट घेऊन गेली. माही चाहूल लागली तसा त्यानं माह्याकडं तोंड केलं, नेहमीसारखं, पोळीसाठी. अन् माह्या डोक्यात ते आलं. मी ताट फेकलं अन् बोंब ठोकली, "अगा माय वं! चांद्यानं मारलं!"

शिंग अन् खांबाच्या मधात बोट चेंगरलं, असं सांगतलं. बोट त सुजून काळंनिळं झालंच होतं. ते ताजं का शिळं, हे पाहाले कोणाले फुरसत? मले आत नेलं, कंपाउंडर बोलावला, त्यानं बांबूची चिपटी लावून बोट बांधलं. बाहेर काय झालं ते मले दिसलं नाही. त्या साली आमचा बैल पोळ्याच्या तोरणाखाली गेला नाही, एवढं ठाऊक आहे. पुढच्या बाजारी बाबांनं चांद्याले विकून टाकलं. मारका म्हणून नाव पडलेला बैल कोणी कास्तकार घेत नाही. मंग कोणी घेतला, ते बाबांनं सांगतलं नाही अन् मी विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाले फाशी, अन् फाशी देणारी मी. त्यानंतर बाबांनं घरी बैल बांधलाच नाही. नांगरटी दुसऱ्याच्या जोडीनं करून घेतात.

मंग मी आली कशी, ते ऐका. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात धनीराम सामान आणाले दोन दिवस नागपूरले गेला. घरात मी एकटी, राणी! सकाळी विहिरीवर गेली, आली, घागर ठेवली अन् पदराले हात पुसून खडू उचलला. लिहिलं: 'रुखमा, विहीर, आठ ते आठ वीस.' लिहून झाल्यावर वाचलं. अक्षर माहं होतं, वाकड्या बोटाचं वाकडं. पाहाले घरी कोणी नव्हतं. कोणी सांगतलंही नव्हतं. मी आपल्या हातानं लिहिलं होतं.

तेव्हा माहं डोकं सणकलं. मी खरी भ्याली तेही तेव्हाच, त्याच्यापेक्षा माहीच मले भीती वाटली. मी सात नंबर बाहेर काढली अन् पाटीवर शेवटचं लिहिलं: 'सात नंबर, रुखमा, साडेआठ.' अन् मारलं पायडल. दोनदा पडली, एकदा चैन उतरली, एका गावात बायांनं पाणी पाजलं अन् विचारलं का वं, मास्तरीण आहेस का? हौ म्हणलं. दुपारच्या उन्हात करडीत शिरली.

बाबा ओसरीवर दोर वळत बसले होते. मले पाहून उठले. "काय झालं रुखमा?"

रडू अगदी डोळ्याच्या काठाशी आलं होतं. पण नाव बदलाची गोष्ट आठवली. अन् घशात एवढी धूळ गेली होती का मी खोकलली. तो पहिला खोकला अगदी खरा होता. बाकीचे दहा वर्षांचे मी घरी तयार केले.

सोडचिठ्ठी झाली. मी शिलाई मशीन टाकली. करडीतल्या अर्ध्या पोलक्यांचे माप मले तोंडपाठ आहे. बोट वाकडं, पण शिलाई सरळ, विचारा कोणालेही. कोणी बोटाचं विचारलं का मी सांगो, "चांद्यानं मारलं होतं." बाबा तठीच बसलेले असत. हातातला दोर वळत राहत.

आता यंदाची गोष्ट. श्रावण चालू होता, धानाचे रोवणे आटोपले होते, पोळा पंधरा दिवसांवर. मी मशीनवर होती अन् बाबा ओसरीच्या कोपऱ्यात दावं वळत होते. घरी बैल नाही तरी पोळा आला का वळतात, अन् गावात कोणालेही देऊन टाकतात. तेवढ्यात दोघी मायलेकी दारात. आई मनकर्णाबाई, आंधळगावची, विधवा. पोरगी निर्मला, वीस-एकवीसची, लाखनीले मामाकडे राहून बालवाडीत शिकवणारी. नाकीडोळी नीटस, हसरी. मनगटावर नवीकोरी घड्याळ.

पाणी झालं, चहा झाला. मनकर्णाबाई म्हणाली, "रुखमाबाई, राग नका मानू. हिच्या सोयरिकीचं विचाराले आली. लाखनीचे धनीराम सायकलवाले."

मशीनचं चाक माह्या हातातच राहिलं.

"वय जरा जास्त आहे, पण पोरीचं मन बसलं. अन् त्याइनंच मले सांगतलं, करडीले जा अन् रुखमालेच विचारा. ती मले नाव ठेवणार नाही. अन् खरंच जी, बसमधून उतरल्यापासून ज्याले विचारलं तो हेच म्हणते, का तुमच्याच तोंडून ऐकलं, माणूस देवासारखा."

घ्या! दहा वर्षं घसा फाडून मी त्या माणसाले चालचलणुकीचा दाखला लिहून देल्ला होता, अन् तो आता दाखला पुढं करून दुसरी पोरगी मागून राहिला होता. अन् सही कोणाची? माही.

"माणूस..." मी सुरू केलं. 'सोन्यासारखा' जिभेवर आलं, पाठोपाठ खोकलाही आला. खोकलली. मनकर्णाबाईनं लगबगीनं पाण्याचा पेला पुढं केला.

"जरा तापट आहे," मी म्हणलं.

"पुरुषमाणूस तापट असतेच जी," मनकर्णाबाई म्हणाली.

"मले कधीच रागावले नाही, ताई," निर्मला म्हणाली. तिच्या तोंडावर असं तेज होतं का मले माहंच अठरावं वर्ष दिसलं. "उलट लय काळजी करतात. ही घड्याळ त्याइनंच देल्ली. बालवाडी सुटली का दुकानासमोरून जाऊन दाखवाव लागते, किती वाजता सुटली ते. पाच मिनटं उशीर झाला तरी त्याइचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. म्हणतात, तुही वेळ मी मनातल्या पाटीवर लिहून ठेवतो."

अन् बोलता बोलता तिनं घड्याळ पाहिली. आल्यापासून पाचव्यांदा पाहिली असंल. "आई, पाचची बस नाही भेटली त ते..." अन् थांबली. हसणं तसंच होतं, पण गळ्यातला आवाज बदलला होता. त्या आवाजाले मी ओळखते. घागर घेऊन मी तीन वर्षं त्याच आवाजाच्या मागं पळाली.

आता सांगा, मी काय करू? खरं सांगू त बोट दाखवाव लागंल, अन् बोट दाखवलं त चांद्या बाहेर निघंल. बाबा चार हातांवर बसलेले. झाकली मूठ सव्वा लाखाची, अन् मी ती दहा वर्षं झाकून बसली होती. नाही सांगू त ही पोरगी पाटीवर चढते. 'तापट आहे' म्हणून भागत नव्हतं. मोघम सांगून प्रेमात पडलेली पोरगी ऐकते का? मी ऐकलं होतं का?

मी मशीनवरून उठली अन् निर्मलाच्या समोर जाऊन बसली. उजवा हात तिच्या मांडीवर ठेवला.

"हे बोट पाहा पोरी. धरून पाहा. भिऊ नको, आता दुखत नाही."

तिनं धरलं.

"गावात सांगतात, बैलानं मोडलं. बैलानं नाही मोडलं. तुह्या धनीरामनं मोडलं. मी पाटीवर त्याची वेळ लिहिली म्हणून. ओरडून नाही, हसत, लाडानं विचारून. मंग मले जिलबी आणून देल्ली, अन् मी खाल्ली. तुलेही आणून देईल. गरम असते."

अन् मंग मी थांबलीच नाही. कासारीण सांगतली, पंचवीस मिनटं सांगतले, आपल्याच हातानं लिहिलेलं आठ ते आठ वीस सांगतलं. अंगणात झाडाले टेकवलेली सात नंबर दाखवली. मजा म्हणजे एवढं बोलली, पण एकदाही खोकलली नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

मनकर्णाबाईनं पदर तोंडाले लावला. माहं बोट निर्मलाच्या मुठीत तसंच होतं. पाचची बस रोडवर येऊन भोंगा वाजवून निघून गेली. तिनं घड्याळीकडं पाहिलं नाही. थोड्या वेळानं तिनं पट्टा सोडला, घड्याळ आईच्या पिशवीत टाकली अन् एवढंच विचारलं, "सहाची आहे ना, ताई?"

"आहे. साडेसातचीही आहे," मी म्हणलं.

सहाच्या बसनं त्या गेल्या. पुढं काय करतात ते त्याइच्या हातात. मी रोडवरून परत आली त ओसरीवर बाबा तसेच बसलेले. दावं अर्धंच वळून झालेलं, हात थांबलेले. मी तठीच खांबाले टेकून उभी राहिली. मले वाटलं होतं, धनीरामले शिव्या देतील. मास्तरचं स्थळ काढतील. 'रडत आली त' काढतील. त्याची सगळी उत्तरं माह्या तोंडात तयार होती.

बाबा म्हणाले, "म्हणजे चांद्यानं नोयतं मारलं."

"नाही, बाबा."

त्याइनं दावं खाली ठेवलं. "त्या दिवशी तुले आत नेलं, अन् मी त्याले काठीनं हाणलं. पोळ्याच्या दिवशी, रुखमा. रंगवलेल्या शिंगांवर. तो हाललाही नाही, माह्याकडं पाहत उभा राहिला."

पोळ्याच्या दिवशी बैलाले कोणी बोटही लावत नाही. आमच्याकडं लहान लेकराले माहीत असते ते.

"बाबा, मी..."

"त्याले बोलता येत नोयतं, माय," बाबा म्हणाले. "तुले त येत होतं."

मी खाली बसली, बाबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं अन् रडली. चांद्यासाठी रडली, बोटासाठी रडली, त्या जिलबीसाठी रडली. दहा वर्षांचं सगळं रडली. शेजारची गिरजाबाई कुंपणावरून वाकून विचारत होती, काय झालं वं, काय झालं. बाबांनं तिले हातानंच जा म्हणलं, अन् दाव्याचा खरखरीत हात माह्या पाठीवरून फिरवत राहिले.

नाव काही कोणी बदललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याइनं ओसरीवरून हाक मारली ती रुखमाच म्हणून, अन् चहा मागतला.